दोन डोळ्यांचा नियम

मंडळी, लासलगावचा कांदा घ्या, सांगलीची हळद घ्या, नाहीतर नागपूरची संत्री घ्या. दिवस मावळताना माल गाडीत भरला जातो, ताडपत्री घट्ट बांधली जाते, आणि उजाडता उजाडता तो माल शंभर कोसांवरच्या बाजारात उतरतो. मधल्या वेळात तुम्ही-आम्ही घरी निवांत झोपलेले असतो. गाडीच्या चाकामागे मात्र एक माणूस जागा असतो. समोरून येणाऱ्या गाड्यांचे झगझगीत दिवे, वळणावर दिवा न लावता उभी असलेली बैलगाडी, रस्त्यातच बसलेली गुरे, हे सारे तो डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. आपला माल, त्याचा स्वतःचा जीव आणि वाटेवरच्या अनोळखी माणसांचे जीव, एवढे सगळे त्याच्या नजरेवर सोपवलेले असते.

म्हणूनच त्याच्या नजरेची चौकशी सरकार करते. मालमोटार चालविण्याचा परवाना हवा असेल तर डॉक्टरचा दाखला आणावा लागतो. ‘नमुना एक-अ’ नावाच्या त्या कागदावर डॉक्टरला विचारलेले असते : या माणसाला चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीच्या नंबराची पाटी ओळखता येते काय? रंगांधळेपणा आहे काय? रातांधळेपणा आहे काय? प्रश्न साधे आहेत. उत्तरे लिहायला पाच मिनिटे पुरतात. पण या पाच मिनिटांत एका घराची चूल पेटती राहणार की विझणार, हे ठरत असते.

आता एक अवघड प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. समजा, एक चालक आहे. दहा-बारा वर्षे गाडी चालवतो आहे. हात पक्का, व्यसन नाही, अपघात नाही. पण तपासणीत निघाले की त्याचा एक डोळा जन्मापासूनच कमजोर आहे. दुसरा डोळा उत्तम आहे. या माणसाला दाखला द्यावा की नाकारावा? द्यावा म्हणणारा म्हणेल, त्याच्या पोटावर पाय का देता? नाकारावा म्हणणारा म्हणेल, उद्या रस्त्यावर कुणाचे मूल चिरडले गेले तर जबाबदार कोण? दोघेही वेडे नव्हेत. हा वाद अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्याचा निर्णय अगदी अलीकडे, २०२२ साली लागला. त्या वादाची हकीकत आज मी सांगणार आहे. शेवटी आपण आपल्या घरी, आपल्या शाळेच्या फळ्यापाशी परत येऊ.

आधी नजर मोजतात कशी, ते समजून घेऊ. डोळ्यांच्या डॉक्टरकडे भिंतीवर एक तक्ता असतो. वर एक मोठे अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. हा तक्ता १८६२ साली हॉलंडमधील उट्रेख्ट येथील नेत्रवैद्य हर्मान स्नेलेन यांनी तयार केला. त्यापूर्वी नजर चांगली की वाईट, एवढेच म्हणत. स्नेलेन यांनी नजरेला माप दिले. माणसाला वीस फुटांवर उभे करायचे. निरोगी डोळ्याला जी ओळ वीस फुटांवरून वाचता येते ती त्याला वाचता आली, तर नजर वीस-वीस. आपल्याकडे मीटरचा हिशेब, म्हणून आपण तिला सहा-सहा म्हणतो. निरोगी डोळा जे अक्षर चाळीस फुटांवरून ओळखतो, ते पाहायला एखाद्याला वीस फुटांवर यावे लागत असेल, तर त्याची नजर वीस-चाळीस. म्हणजे आपली सहा-बारा. आणि निरोगी माणसाला दोनशे फुटांवरून दिसणारे अक्षर ज्याला वीस फुटांवरूनच दिसते, त्याची वीस-दोनशे. हे आकडे ध्यानात ठेवा. पुढची सारी लढाई या आकड्यांवरूनच झाली.

अमेरिकेत १९३५ साली मोटार वाहतुकीचा कायदा झाला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालमोटारी व बसगाड्या आंतरराज्य व्यापार आयोगाच्या देखरेखीखाली आल्या. हा आयोग मुळात १८८७ साली रेल्वेसाठी स्थापन झालेला. त्याने १९३७ मध्ये चालकांसाठी नजरेचा पहिला नियम केला. तो अगदी मोघम होता : दोन्ही डोळ्यांची नजर चांगली असावी, चष्म्याने असो वा चष्म्याविना, आणि लाल-हिरवा रंग ओळखता यावा. आता ‘चांगली’ म्हणजे किती? हे डॉक्टरच्या मर्जीवर राहिले. दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, आकडे आले. एका डोळ्याची नजर वीस-चाळीस हवी. दुसऱ्याची वीस-शंभर असली तरी चालेल. म्हणजे एक डोळा बराच अधू असला, तरी त्या वेळी नियम त्या माणसाला बाहेर काढीत नव्हता.

पुढे महायुद्ध झाले. युद्धानंतर गाड्या वाढल्या, मोठ्या झाल्या, वेग वाढला. १९५२ मध्ये नियम आवळला गेला : आता दोन्ही डोळ्यांची, प्रत्येकी, वीस-चाळीस नजर हवी. १९७१ च्या आरंभापासून जो नियम लागू झाला, त्याने हेच कायम केले. प्रत्येक डोळा वीस-चाळीस. समोर टक लावून पाहताना बाजूचे दिसण्याची कक्षा प्रत्येक डोळ्याला निदान सत्तर अंशांची. आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे लाल, हिरवा व पिवळा हे रंग ओळखता आले पाहिजेत. चष्मा लावून हे जमत असेल तर हरकत नाही. पण ज्याच्या एका डोळ्याला चष्म्यानेही काही उपयोग नाही, त्याला दार बंद झाले. तो कितीही वर्षांचा अनुभवी असला तरी बंद.

यात एक मौज होती. केंद्राचा हा नियम राज्याची हद्द ओलांडणाऱ्या गाड्यांना लागू. राज्याच्या आतल्या आत गाडी चालवायची असेल तर त्या त्या राज्याचा नियम, आणि काही राज्ये एका डोळ्याच्या चालकाला परवाना देत. आपल्याकडे परवाना साऱ्या देशात चालतो, म्हणून आपल्याला याची कल्पना येणार नाही. समजा, कोल्हापूरच्या चालकाला कोणी सांगितले, ‘बाबा रे, कागलपर्यंत तू खुशाल गाडी ने, पण पलीकडे निपाणीला गेलास तर तुझी नजर अपुरी!’ डोळा तोच, गाडी तीच, रस्ता तोच. हद्द ओलांडली की माणूस नालायक! ही विसंगती होती खरी, पण पुढे तिनेच वादाचा निकाल लावायला मदत केली. कारण राज्याच्या आत वर्षानुवर्षे गाडी चालवणारे एका डोळ्याचे चालक प्रत्यक्ष रस्त्यावर होते आणि त्यांच्या कामाची नोंद होती.

आता एका माणसाची गोष्ट ऐका. नाव सांगायची गरज नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला ओरेगन राज्यात पोर्टलंड नावाचे शहर आहे. तिथे १९९० साली किराणा मालाच्या दुकानांची साखळी चालविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने एक मालमोटार चालक कामावर घेतला. दहा वर्षांहून अधिक अनुभव. कंपनीने रस्त्यावर परीक्षा घेतली, त्यात तो उत्तम उतरला. त्याचा डावा डोळा लहानपणापासून ‘आळशी’ होता. त्या डोळ्याची नजर वीस-दोनशे, आणि ती चष्म्याने सुधारणारी नव्हती. म्हणजे व्यवहारात हा माणूस एकाच डोळ्याने पाही. पण तपासणाऱ्या डॉक्टरने चुकून दाखला दिला, आणि त्याचे काम सुरू झाले.

पुढे कामावर असताना त्याला दुखापत झाली. रजेनंतर, १९९२ च्या नोव्हेंबरात, पुन्हा कामावर येण्यासाठी तपासणी झाली. या वेळी डॉक्टरने नजर बरोबर मोजली. तो नियमात बसत नव्हता! नेमके त्याच वर्षी सरकारने एक प्रयोग सुरू केला होता. ज्यांची नजर नियमापेक्षा कमी, पण मागील तीन वर्षांची गाडी चालविण्याची नोंद स्वच्छ, अशांना तात्पुरती सूट द्यायची आणि त्यांचे कसे चालते ते पाहायचे. दोन हजारांहून अधिक चालकांना अशी सूट मिळाली. या चालकानेही अर्ज केला. पण कंपनी थांबली नाही. तिने त्याला काढून टाकले. १९९३ च्या आरंभी त्याला सूट मिळाली. सुटीचा कागद हातात घेऊन तो परत गेला, तरीही कंपनीने त्याला घेतले नाही.

तो न्यायालयात गेला. अपंगत्वामुळे कोणाला कामावरून डावलू नये, असा कायदा अमेरिकेत १९९० मध्ये झाला होता. त्याचा आधार त्याने घेतला. खालच्या न्यायालयात तो हरला, वरच्या न्यायालयात जिंकला, आणि अखेर २२ जून १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी तो लिहिला. त्यात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली अशी की, एका डोळ्याचा प्रत्येक माणूस आपोआप अपंग ठरत नाही. प्रत्येकाचे वेगळे पाहिले पाहिजे, कारण मेंदू एका डोळ्याची उणीव नकळत भरून काढीत असतो. दुसरी अशी की, सरकारचा मूळ नियम रद्द झालेला नाही, सूट हा केवळ प्रयोग आहे, आणि त्या प्रयोगात भाग घेण्याची सक्ती मालकावर करता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर अन्याय झाला. मलाही प्रथम तसेच वाटले. पण दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे. १९९४ मध्येच दुसऱ्या एका न्यायालयाने या सुटीच्या प्रयोगावर ठपका ठेवला होता. रस्ता सुरक्षेसाठी झटणाऱ्या एका संस्थेने तो दावा लावला होता. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : सूट दिल्याने रस्ता धोक्यात येणार नाही, हे सूट देण्याआधी दाखवायला हवे होते, तुम्ही आधी सूट दिली आणि मग माहिती गोळा करू म्हणता, हे कायद्याला धरून नाही. दयेपोटी नियम सैल करणे सोपे असते. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जीवावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणाला आहे? या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. १९९६ च्या मार्चअखेर तो प्रयोग संपला.

मग शास्त्र काय म्हणते? हाताची दोन बोटे डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून पाहा. अडखळाल. जवळच्या वस्तूचे अंतर जोखायला दोन डोळ्यांचा मोठा उपयोग होतो. पण दूरचे अंतर आपण बहुतांशी वेगळ्याच खुणांवरून ओळखतो. गाडी लहान दिसते की मोठी, कशाने काय झाकले गेले आहे, झाडे किती वेगाने मागे पडतात, यावरून. या खुणा एका डोळ्यालाही कळतात. जन्मापासून वा लहानपणापासून ज्याला एकाच डोळ्याची सवय, तो मान थोडी अधिक वळवतो, आरशात अधिक वेळा पाहतो. उलट, ज्याचा डोळा गेल्या महिन्यातच गेला, तो पायरीवरसुद्धा ठेचकाळतो. त्याला शिकायला काळ लागतो. मात्र बाजूचे दिसण्याची कक्षा एका डोळ्याने कमी होते, हे खोटे नाही. म्हणजे ‘एक डोळा’ या दोन शब्दांत फार वेगवेगळी माणसे बसतात. नियमाला ती सगळी सारखीच दिसत होती.

१९९८ मध्ये अमेरिकेने दुसरी वाट काढली. कायद्यातच तरतूद झाली की, सुरक्षितता निदान नियमाइतकी राहील अशी खात्री पटली तर दोन वर्षांपर्यंत सूट द्यावी. ही सूट एकेका माणसाची पाहून द्यायची. तीन वर्षांची स्वच्छ नोंद हवी, नेत्रतज्ज्ञाचा अभिप्राय हवा, आणि दरवर्षी तपासणी हवी. अर्जदाराची हकीकत सरकारी राजपत्रात छापत. त्याचे नाव, त्याचे वय, कोणता डोळा अधू आणि कशाने, किती वर्षे व किती मैल गाडी चालवली, हे सारे. कुणाला हरकत असेल तर कळवा, असे लोकांना आवाहन असे. एका गरीब माणसाने आपल्या डोळ्याचे दुखणे साऱ्या देशापुढे मांडायचे, तेव्हा त्याला भाकरी! पण त्या पानांमधूनच वर्षानुवर्षांचा पुरावा साठत गेला. सूट मिळालेल्या चालकांचे काम इतर चालकांपेक्षा वाईट नाही, असे सरकारच्या ध्यानात आले.

या पुराव्यावर २१ जानेवारी २०२२ रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला आणि २२ मार्चपासून लागू झाला. आता सुटीसाठी अर्ज करून दिल्लीदरबारी हेलपाटे घालावे तसे वॉशिंग्टनच्या दारात तिष्ठावे लागत नाही. चांगल्या डोळ्याची नजर वीस-चाळीस हवी, त्याची कक्षा सत्तर अंशांची हवी, रंग ओळखता आले पाहिजेत. अधू डोळ्याची स्थिती स्थिर झालेली हवी, आणि त्या स्थितीची सवय व्हायला पुरेसा काळ गेलेला हवा. नेत्रतज्ज्ञ तपासून अहवाल देतो, तो पंचेचाळीस दिवसांच्या आत वैद्यकीय तपासनीसापुढे ठेवायचा. दाखला फार तर एक वर्षाचा मिळतो. आणि प्रथमच असा दाखला घेणाऱ्याला, काही अपवाद सोडले तर, मालकाने घेतलेली रस्त्यावरची परीक्षा उतरावी लागते.

१९३९ मध्ये दार थोडे उघडे होते, १९५२ मध्ये ते बंद झाले, आणि सत्तर वर्षांनी पुन्हा उघडले. मग मधली वर्षे वाया गेली का? मला तसे वाटत नाही. १९३९ मध्ये दार उघडे होते ते अंदाजाने. १९५२ मध्ये बंद झाले तेही बव्हंशी अंदाजानेच. २०२२ मध्ये ते उघडले ते नोंदी पाहून, आणि उंबऱ्यावर चौकशी ठेवून. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांच्या नोंदी पाहिल्या ते निवडक, सावध चालक होते. म्हणून एका डोळ्याचा कोणीही माणूस उद्यापासून मालमोटार चालवू शकेल, असा याचा अर्थ नव्हे. माणूस पाहून ठरवा, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात परवान्याला अपात्र ठरविणाऱ्या दोषांची यादी होती. पंचवीस यार्डांवरून प्रत्येक डोळ्याने नंबराची पाटी ओळखता न येणे, लाल-हिरवा रंग न कळणे, रातांधळेपणा, हे दोष तिच्यात होते. १९८८ चा नवा कायदा आणि १९८९ चे नियम आले, यार्डांचे मीटर झाले, पण गाभा तोच राहिला. ज्याने पाच वर्षे परवाना बाळगला आणि त्यानंतर एक डोळा गमावला, त्याला हलकी खासगी गाडी चालविण्याची वाट नियमांच्या नमुन्यात ठेवली आहे. मालवाहतुकीच्या गाडीला ती नाही. रंगांच्या बाबतीत मात्र २०२० च्या जूनमध्ये पाऊल पडले. सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळू शकेल, असा बदल झाला. तीव्र दोष असेल तर नाही. मालमोटारीचा परवाना पूर्वी दर तीन वर्षांनी नवा करावा लागे, २०१९ च्या दुरुस्तीपासून तो पाच वर्षांचा झाला. म्हणजे दोन तपासण्यांमधला काळ वाढला. तेव्हा चालक बंधूंना माझे सांगणे आहे, पाच वर्षे वाट पाहू नका. चाळिशी काही माझ्यासारख्या मास्तरांनाच लागते असे नाही. समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपू लागले, संध्याकाळी पाट्या पुसट दिसू लागल्या, तर वेळीच डोळे दाखवा. बहुतेक वेळा प्रश्न चष्म्यावर किंवा मोतीबिंदूच्या लहानशा शस्त्रक्रियेवर सुटतो. पण दाखला जाईल या भीतीने माणूस दोष लपवतो, तक्त्यावरची अक्षरे पाठ करण्याचाही मोह त्याला होतो. मग जो दोष चष्म्याने मिटला असता, तो अंधारात त्याच्याबरोबर गाडीत बसून प्रवास करतो.

शेवटी, शिक्षक बंधुभगिनींनो, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. पोर्टलंडच्या त्या चालकाचा डावा डोळा मोठेपणी काही बिघडला नव्हता. आळशी डोळ्याचे दुखणे लहानपणीचे असते. एका डोळ्याला मोठा नंबर असतो, किंवा डोळा तिरळा असतो. मेंदू मग त्या डोळ्याकडून येणारे अस्पष्ट चित्र बाजूला सारू लागतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला सगळे दिसत असते. घरची माणसे म्हणतात, तिरळा डोळा भाग्याचा. मोठा झाला की आपोआप सरळ होईल. सात-आठ वर्षांच्या आत ध्यानात आले तर चष्मा लावून आणि चांगला डोळा रोज काही वेळ झाकून त्या आळशी डोळ्याला कामाला लावता येते. वय वाढले की हे अवघड होत जाते, आणि मग पस्तिशीत डॉक्टर तक्त्यासमोर उभे करतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

तुमच्या वर्गात फळा आहे, खडू आहे. फळ्यावर काही अक्षरे काढा. मुलाला वीस फुटांवर उभे करा. वाचता न येणाऱ्या लहानग्यासाठी अक्षराऐवजी चित्र काढा. आधी एक डोळा तळहाताने नीट झाकून वाचायला सांगा, बोटांच्या फटीतून पाहू देऊ नका. मग दुसरा झाकून. दोन डोळ्यांत फरक दिसला, तर आईबापांना बोलावून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. एका वर्गाला एक तास पुरेल. अमेरिकेतला तो चालक न्यायालयाच्या पायऱ्या चढता चढता थकला. तुमच्या वर्गातल्या मुलाला त्या पायऱ्या चढाव्या लागणार की नाही, हे कदाचित येत्या सोमवारच्या पहिल्या तासाला तुमच्या फळ्यासमोरच ठरेल.